बेअरिंग बसायला वेळ लागतो

"एक मिनिट कुणी बोलू नका," विश्वजित म्हणाला.

तसं कुणी बोलत नव्हतंच. सुलूमावशी खुर्चीच्या कडेला बसून पदराने मानेवरचा घाम टिपत होती, कारण छताचा पंखा बंद ठेवला होता. मी भिंतीशी उभी होते. विश्वजितची आई, इंदूकाकू, चहाचा ट्रे घेऊन दारात थबकल्या होत्या. कपबशा वाजू नयेत म्हणून त्यांनी ट्रेमध्ये जाड टॉवेल अंथरला होता, आणि प्रत्येक कप आणि बशीच्या मध्ये कागदी रुमालाची घडी होती.

"येतोय का?" त्याने मला विचारलं.

"काय?"

"आवाज."

टेबलाखाली त्याचा कॉम्प्युटर होता. काळी पेटी, एका बाजूला काच, आत निळसर उजेड. मी कान दिला. रस्त्यावरचं काही ऐकू येत नव्हतं. खिडकीला दुहेरी काच होती. मग हळूहळू ते सापडलं. खालच्या पट्टीतली, एकसारखी, बारीक घूं. डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी, पण भुंगा थकतो. ही थकत नव्हती.

"येतोय," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. सांगलीला आमच्या घरी मला पाहायला आला होता तेव्हा तो इतका उजळल्याचं मला आठवत नव्हतं.

"बघ आई, यांना येतो. तुला कधी येत नाही."

"माझे कान म्हातारे झाले रे," काकू म्हणाल्या आणि ट्रे टेबलावर ठेवला. ठेवल्याचा आवाज आला नाही.

ही आमची घरबघणी होती. मुलाने मुलगी पाहिली, दोन्हीकडे पसंत पडली, की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघून येतात आणि मग शेवटचा निरोप देतात, अशी आमच्यात रीत आहे. आईबाबांचा होकार पहिल्या भेटीतच झाला होता: पुण्यातल्या कंपनीची नोकरी, काम घरूनच, इचलकरंजीत स्वतःचं घर, एकुलता एक. उरला होता माझा होकार, आणि तो मिळवून आणायला त्यांनी सुलूमावशीला माझ्याबरोबर धाडलं होतं. संध्याकाळी फोन करायचा होता. मला लग्न करायचं नव्हतं असं मुळीच नाही. मुलगा दिसायला बरा होता, बोलायला सरळ होता, आणि मुख्य म्हणजे त्याने माझ्या विषयाबद्दल प्रश्न विचारले होते. एम.एस्सी.ला माझा प्रकल्प ध्वनीवर होता. मावशीने तो बायोडेटात 'आवाजाचा अभ्यास' असा घातला होता. आधीची सगळी मुलं ती ओळ ओलांडून थेट 'स्वयंपाकाची आवड'वर गेली होती. हा पहिलाच, जो तिथे थांबला. मला ते आवडलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. याच घरातून आधीच्या एका मुलीला 'गायनाची आवड' लिहिल्यामुळे नकार गेला होता, हे मला त्या दिवशी बसमध्ये मावशीने सांगितलं, तेही कौतुकाने.

आता त्याची अडचण अशी. कॉम्प्युटरचा प्रोसेसर काम करताना तापतो. तो थंड ठेवायला त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पत्र्यांचा ठोकळा बसवतात आणि त्याला पंखा लावतात. या जोडगोळीला कूलर म्हणतात. विश्वजितला असा कूलर हवा होता, की जो आहे हे कळूच नये. त्याने एक घेतला, घूं आली. बदलला, घूं आली. तिसरा परदेशातून मागवला, त्याच्यातूनही तीच घूं आली. उतरवलेले कूलर बैठकीच्या खोलीतल्या शोकेसमध्ये ओळीने मांडले होते, जिथे लोक ढाली आणि करंडक ठेवतात. मावशीला ते इडलीचं नवीन भांडं वाटलं होतं, आणि एवढ्या लहान इडल्या कुणाला पुरतात, असं तिने काकूंना विचारलंही होतं.

"आता दोन उरलेत," विश्वजित म्हणाला आणि पडद्यावर दोन चित्रं शेजारी-शेजारी आणली. एक विटेएवढा ठोकळा, दोन पंख्यांचा. दुसऱ्यात पाणी खेळवून गारवा करायची सोय होती. "पाण्याच्या पंपाची भीती वाटते. पंप म्हटला की गुणगुण आलीच. तुमचं काय मत? पण घाईने सांगू नका. आधी कारण सांगा, मग मत."

पूर्वी मुलीला सुईत दोरा ओवायला लावायचे, चालून दाखवायला लावायचे. मला पंख्याच्या पात्यांचा बाक विचारला जात होता. मावशीने डोळ्यांनीच खुणावलं: नीट उत्तर दे.

मी म्हणाले, आधी पंखे जरा जोरात फिरवून दाखवा. त्याने माऊस हलवला. पंख्यांची सळसळ वाढली आणि तिची पट्टी चढली. त्या सळसळीखाली घूं होती तिथेच होती. त्याने वेग कमी केला. सळसळ उतरली. घूं जागची हलली नाही.

मी फोन काढला. त्यात आवाजाचा आलेख काढणारा प्रोग्रॅम होता, प्रकल्पाच्या वेळचा. शंभर हर्ट्झवर एक सरळसोट काटा उभा होता. आपल्याकडच्या विजेवर गुणगुणणारी बहुतेक यंत्रं याच पट्टीत गुणगुणतात. कूलरचा पंखा यात बसत नव्हता. त्याची पट्टी त्याच्या वेगाबरोबर बदलायला हवी.

"कॉम्प्युटर बंद करून कधी मोजलंय का?" मी विचारलं.

विश्वजितने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "बंद केल्यावर मोजणार कसं? मोजायचा माइक यालाच जोडलाय."

गेल्या वर्षभरात त्याने केलेली सगळी मोजमापं, रंगीत आलेख, कूलर काढणं, कूलर बसवणं, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. आणि वाक्य चुकीचं नव्हतं, ही त्यातली गंमत.

"पण एक गोष्ट सांगतो," तो पुढे झुकून म्हणाला. "लाइट जाते ना, तेव्हा आवाज पूर्ण थांबतो. मशीन इन्व्हर्टरवर गेलं की एकदम शांत. म्हणजे शुद्ध वीज मिळाली की पंखे सुधारतात. यावर मी वाचतोय सध्या."

"घरातल्या बाकीच्या वस्तू पण इन्व्हर्टरवर आहेत?"

"नाही, लाइन फक्त या खोलीला घेतलीय. कामाचं महत्त्वाचं असतं."

"आणि ही शांतता झाली की तुम्ही त्यात काय करता?"

तो मनापासून विचार करू लागला. "ऐकतो," तो म्हणाला. "कुठे काही राहिलंय का ते."

मी म्हणाले, मला जरा पाणी हवंय. काकू लगेच पुढे झाल्या आणि मला घेऊन आत गेल्या.

आत जाता-जाता त्या कुजबुजत घर दाखवत होत्या. घरबघणी होती ना. स्वयंपाकघरात मिक्सरवर धूळ होती. विश्वजित व्यायामाला जातो तेवढ्या वेळात चटणी वाटून घ्यायची, नाहीतर पाटा होताच. कुकरच्या शिट्टीऐवजी घड्याळ बघून गॅस बंद करायचा, आणि घड्याळ म्हणजे काकूंच्या मनगटावरचं, कारण भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ जावेकडे गेलं होतं. पोपट समोरच्या वाण्याकडे. रेडिओ माळ्यावर. देवघरातली घंटा होती, पण तिची जीभ काकूंनी दोऱ्याने बांधून टाकली होती. जी जी वस्तू बोलायची तिला त्या घराने निरोप दिला होता, आणि काकू हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. एखाद्या घरात पथ्याचं खाणारा माणूस असावा, तसं सांगत होत्या.

"आणि हे आमचे आप्पा," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघराला लागून अरुंद खोली होती. खाटेवर विश्वजितचे वडील पडून होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून वर्ष झालं, ते उठले नव्हते. तीस वर्षं त्यांनी यंत्रमाग चालवले होते. आधी दुसऱ्यांचे, मग स्वतःचे. इचलकरंजीत माग चालवलेल्या माणसाचे कान लवकर जातात. आप्पांचेही गेले होते, पण आवाज शाबूत होता.

"कुठली पोरगी?" त्यांनी विचारलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं असेल.

काकूंनी तळहात पालथा धरून हवेत आडवा ओढला. आप्पा लगेच गप्प झाले. मग काकूंनी बोटांनी, ओठांनी, भुवयांनी त्यांना काहीतरी सांगितलं, आणि आप्पांनीही तसंच उत्तर दिलं. मी बघतच राहिले. दोघं भराभर बोलत होते. मध्येच दोघं हसले, बहुधा माझ्यावरच, आणि खोलीत एक शब्द उमटला नव्हता.

"कारखान्यातली बोली हाय," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "मी तिथं सुताच्या कांड्या भरायची. इतकी खटखट असायची की वरडून काय उपेग नसायचा. मग सगळी माणसं हातानं बोलायची. हे असं," त्यांनी पुन्हा तळहात आडवा ओढला, "म्हंजे माग बंद कर." मग एक बोट उभं धरून, मागात सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासारखं डावी-उजवीकडे नेलं. "हे म्हंजे माग चालू."

"विश्वजितना येते ही?"

"त्याला कुठली? त्याला आप्पांनी कारखान्याची पायरी चढू दिली न्हाई. शिकायला सांगलीला ठेवला. पोराचे कान चांगले राहू देत म्हणायचे."

आप्पांनी माझ्याकडे पाहून मान डोलवली. त्यांना वाटलं असावं, मी त्यांचं कौतुक करतेय.

आणि तेव्हा मला ती ऐकू आली. तीच पट्टी, तीच घूं, पण इथे ती लपलेली नव्हती. आप्पांच्या अंगाखाली हवेची गादी होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशी गादी देतात. तिच्यातले कप्पे आलटून-पालटून फुगतात आणि बसतात, आणि हवा भरायला एक लहानसा पंप असतो. तो पंप खाटेच्या पायथ्याला आकड्यांनी अडकवलेला होता. खाट भिंतीला टेकलेली होती. भिंतीपलीकडे विश्वजितचं टेबल होतं.

मी वाकून पंपावर हात ठेवला. बोटांना गुदगुल्या झाल्या. मग भिंतीवर हात ठेवला. तिथेही त्याच. मला जो आनंद झाला तो मी लपवू शकले नाही. एखादं गणित सुटताना होतो तसला, अगदी साधा आनंद. मी काकूंकडे वळले आणि म्हणाले, "काकू, हा बघा. हा आवाज याचा आहे. कूलरचा नाहीच."

काकूंना आश्चर्य वाटलं नाही.

त्यांनी आधी दार लोटलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक हाय."

"मग सांगितलं का नाही? ते वर्षभर कूलर बदलतायत."

"बदलू दे की. त्यानं कुणाला काय होतंय?" त्या खाटेच्या कडेला बसल्या. "तू पाहिलंस ना काय काय गेलं ते? थंडीत आप्पांना खोकला झाला. तर म्हणाला, आई, मागची खोली आप्पांना मोकळी पडेल. मागची खोली म्हंजे पत्र्याची. तिथं पूर्वी सुताची पोती ठेवायचो आम्ही. उन्हाळ्यात तिथं मांजर थांबत न्हाई. मी म्हटलं, खोकला दोन दिवसांत जाईल. गेला नशिबानं. ही गादी कशी जाईल? ती गेली की पाठीला परत जखमा."

"ते ही गादी काढायला लावतील?"

"गादी त्यानंच आणलीय. वाईट न्हाई तो. डॉक्टरनं सांगितल्या दिवशीच आणली. पण सकाळी दारातनं बघून जातो तेवढंच, आणि तो यायच्या आत मी बटण बंद करते. त्यानं हिचा आवाज ऐकलेलाच न्हाई." त्यांनी आप्पांच्या पायावरची चादर सारखी केली. "गादी काढणार न्हाई तो. गादीसकट आप्पांना मागं ठेवील."

आप्पा दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांनी काकूंना खुणेने काहीतरी विचारलं. काकूंनी खुणेने उत्तर दिलं. आप्पा हसले.

"काय म्हणाले?"

"काय चाललंय विचारतायत. म्हटलं, पोरीला घर आवडलं."

मी जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलं. पंप खाटेवरून उतरवला, कोपऱ्यातलं घोंगडं चौपदरी करून त्यावर ठेवला, खाट भिंतीपासून दोन बोटं ओढली. त्याहून जास्त ओढायला जागा नव्हती. भिंतीला हात लावला. गुदगुल्या कमी झाल्या होत्या. थांबल्या नव्हत्या. भिंत एका विटेची होती.

परत आले तेव्हा मावशी विश्वजितला माझ्या स्वयंपाकाबद्दल सांगत होती आणि तो सभ्यपणे ऐकत होता. मला पाहून त्याने हात वर केला. मावशी थांबली.

"आवाज कमी झालाय," तो म्हणाला. "तुम्ही गेल्यावर. तुम्ही काही केलं का?"

काकू माझ्यामागून येऊन दारात उभ्या राहिल्या. मी पलीकडच्या भिंतीशी गेले होते, म्हणून मला त्या दिसत होत्या, त्याला नाही. त्याची पाठ दाराकडे होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझा असा समज होता, की खरं काय ते शोधून काढलं की माणसाचं काम संपतं. उत्तर हातात होतं. उत्तर सरळ होतं, सिद्ध करून दाखवता येण्यासारखं होतं, आणि ते ऐकून या मुलाने मला मनापासून मानलं असतं. तरी पण, का कोण जाणे, मी ते जरा आडून विचारलं.

"समजा, हा आवाज कॉम्प्युटरचा नसलाच तर? समजा घरातल्याच एखाद्या वस्तूचा असला?"

"मग ती वस्तू मागच्या खोलीत जाईल," विश्वजित म्हणाला. "सोपं आहे."

"कुठली वस्तू, ते न बघता?"

"कुठलीही असेना. मागच्या खोलीला नियमच आहे तो." तो हसला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "का? तुम्हाला काही सापडलंय का? कुठली वस्तू आहे?"

दारात काकूंनी तळहात पालथा धरला आणि हवेत आडवा ओढला.

"नाही," मी म्हणाले. "शक्यता तपासत होते. कूलरच आहे."

"मी म्हणतच होतो."

"हा मोठा घ्या. दोन पंख्यांचा. पाण्याचा नको." आणि मग मी त्याला कारणं दिली. कारण आधी आणि मत नंतर हवं होतं, ते उलटं झालं, पण त्याने खपवून घेतलं. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, म्हणून त्याचा आवाज कमी. ठोकळा जड, म्हणून थरथर कमी. हे सगळं खरं होतं. त्यानंतर मी म्हणाले, "पण नवा बसवल्याबरोबर आवाज जाणार नाही. तो येतच राहील. घाबरून लगेच बदलू नका. पंख्याचं बेअरिंग बसायला वेळ लागतो."

"किती?"

"सांगता येत नाही. काही महिने. वर्षसुद्धा. ते वापरावर असतं."

हे खरं नव्हतं. पण मी ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज खऱ्याचा होता. आमच्या विभागप्रमुखांचा होता, प्रयोग फसल्यावर ते काढायचे तो.

विश्वजितने तिथल्या तिथे कूलर मागवला. मग खुर्ची वळवून मावशीला म्हणाला, "माझ्याकडून पक्कं आहे." मला वाटतं, ते दोन्हींबद्दल होतं.

निघताना काकूंनी माझी ओटी भरली. नारळ देताना माझी बोटं त्यांनी जरा जास्तच वेळ दाबून धरली. बोलल्या काहीच नाहीत. त्या घरात ती सवयच होती.

बसमध्ये मावशी खुशीत होती. कुठल्या घरात सासूचा इतका हळू आवाज असतो, हे तिने मला जयसिंगपूरपर्यंत विचारलं. अंकलीच्या पुलावर तिने फोन काढला. "मग काय सांगू?"

"नाही सांग."

तिने फोन मांडीवर ठेवला. "का म्हणून? मुलगा सिगारेट ओढत नाही. दारू नाही. त्याला तुझं ते फिजिक्स कळतं. एवढं शांत घर तुला कुठे मिळणार आहे?"

"म्हणूनच," मी म्हणाले.

मावशी चार महिने माझ्याशी धड बोलली नाही. सगळ्यांना सांगत राहिली, की पोरगी शिकून बिघडली, कूलर निवडून दिला आणि नवरा नाकारला. तपशील बरोबर होता.

पुढे मी एका प्रयोगशाळेत लागले. कारखान्यांमध्ये जाऊन आवाज मोजायचा आणि कामगारांच्या कानांना तो किती झेपेल हे लिहून द्यायचं, असं काम. लग्न झालं. नवरा घोरतो. मी ते आधी विचारून घेतलं होतं.

विश्वजित मला पुन्हा भेटला तो पाच वर्षांनी, जयसिंगपूरला मावशीच्या पुतणीच्या लग्नात. मंगल कार्यालयात बँड आत घेतला होता. नवरदेवाच्या मित्रांना बाहेर ऊन लागत होतं म्हणे. कोपऱ्यातल्या खांबाआड कानांत नारिंगी बोळे घातलेला एक माणूस उभा होता. त्याने मला ओळखलं, एक बोळा काढला आणि जवळ आला.

"तुम्हाला कळवायचंच होतं," तो ओरडून म्हणाला. मी त्याला प्रथमच ओरडताना ऐकत होते. "तो कूलर. तुमचं अगदी बरोबर निघालं."

"कुठलं?"

"बेअरिंगचं. मी धीर धरला. आठ-नऊ महिने घूं येत होती. इंटरनेटवर सगळे म्हणत होते, असं काही नसतं, बदलून टाक. मी म्हटलं, नाही. आणि एके दिवशी गेली. पूर्ण. मी तिथे तसा अभिप्रायसुद्धा लिहिलाय, की लोकांना धीर नसतो."

"कधी गेली?"

"नक्की दिवस नाही सांगता येणार. त्या पंधरवड्यात घरात फार गडबड होती, पाहुणे होते. आप्पा गेले ना, पाडव्याच्या आधी. तेराव्यानंतर सगळे पांगले, मी खोलीत येऊन बसलो, आणि बघतो तर एकदम शांत."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि वडिलांचं नाव घेतल्यामुळे आलेलं थोडं दुःखही होतं. दोन्ही खरी होती. दोन्हींची एकमेकांशी ओळख नव्हती.

"वाईट झालं," मी म्हणाले.

"हो ना. पण शेवटपर्यंत पाठीला एक जखम नव्हती. डॉक्टरही म्हणाले." त्याने दुसरा बोळा काढला. "पण आता एक अडचण आलीय. तुम्ही भेटलात ते बरं झालं. दोन महिन्यांपासून घूं परत सुरू झालीय. फक्त दुपारी. जेवणानंतर सुरू होते, चहाच्या वेळेला थांबते. मला वाटतं, दुपारी खोली तापते, त्याचा परिणाम."

"काकू कशा आहेत?"

"बरी आहे. ती काय, जेवतेय." त्याने हात केला.

काकू समोरच्या पंगतीत होत्या. खूप वाळल्या होत्या. त्यांनी आम्हाला मघाच पाहिलं असणार, कारण मी पाहिलं तेव्हा त्या माझ्याकडेच पाहत होत्या. मध्ये वाढपी होते, बँड होता, सगळे एकमेकांच्या कानात किंचाळत होते. त्या हॉलमध्ये ओरडून काही उपयोग नव्हता.

काकूंनी डावा हात गालाला टेकवला आणि क्षणभर डोळे मिटले. मग ते उघडले. मग उष्ट्या हाताचं एक बोट उभं धरलं आणि धोट्यासारखं डावी-उजवीकडे, डावी-उजवीकडे नेलं. दुपारची झोप, आणि माग चालू.

"आई काय करतेय?" विश्वजितने विचारलं.

"जेवण छान झालंय म्हणतायत."

"बरं. मग काय करू? हाच ठेवू का बदलू? खरं सांगू, माझा अंदाज आहे, पंखे म्हातारे झाले."

मी त्याला बाजारात तेव्हा मिळणाऱ्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जड कूलर सांगितला. त्याने नाव फोनमध्ये टिपून घेतलं. पुन्हा बोळे कानात घालायच्या आत मी त्याचा हात धरला आणि बजावलं, की याचं बेअरिंग बसायलाही वेळ लागेल. घाई करायची नाही. या वेळी बरीच वर्षं लागतील.